शेडमधून पाहिलेला इतिहास: संमुख-पिस्टन इंजिने आणि दोन सोयीस्कर दंतकथा

१/ समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक चलचित्र फिरते. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर सिलिंडर. प्रत्येकात दोन पिस्टन समोरासमोर धावून येतात, एकमेकांना भिडता भिडता थांबतात आणि मागे फिरतात. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक पक्ष म्हणतो, केवढी ही प्रतिभा, पण करंट्या व्यवस्थेने तिचा गळा घोटला. दुसरा म्हणतो, केवढा हा गुंतागुंतीचा वेडेपणा, तो बुडणारच होता. इतिहास म्हणून दोन्ही निवाडे टिकत नाहीत. ते का टिकत नाहीत, हे सविस्तर मांडणारा हा धागा.

२/ माझे प्रतिपादन आधीच सांगतो. यंत्राचे भवितव्य केवळ आराखड्याच्या कागदावर ठरत नाही. ते कुठे बसवले, त्याच्याकडून कोणत्या जातीचे काम घेतले, आणि बिघडल्यावर ते कोणी, कुठे, किती वेळात उघडले, यावरही ठरते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला वगळून लिहिलेला तंत्रज्ञानाचा इतिहास हा अर्धा इतिहास आहे. संमुख-पिस्टन डिझेल इंजिनाइतका याचा स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल.

३/ प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत गाडी ओढणाऱ्या धुडालाही इंजिन म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या यंत्रालाही. या धाग्यात धूड म्हणजे 'लोको' आणि पोटातले यंत्र म्हणजे 'इंजिन'. नेहमीच्या डिझेल इंजिनात सिलिंडरचे वरचे तोंड हेडने बंद केलेले असते आणि खालून पिस्टन येऊन हवा दाबतो. संमुख-पिस्टन इंजिनात हेडच नसते. त्याच्या जागी दुसरा पिस्टन समोरून येतो. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत इंधन फवारले जाते, पेटते आणि दोघांनाही दूर ढकलते.

४/ यात झडपाही नसतात. सिलिंडरच्या भिंतीत दोन्ही टोकांना झरोके असतात. एका टोकाने ताजी हवा आत येते, दुसऱ्या टोकाने धूर बाहेर जातो. झरोक्यांची उघडझाप पिस्टन स्वतःच करतात. धुराकडचा पिस्टन किंचित आघाडीवर ठेवला जातो, म्हणजे धूर आधी सुटतो आणि हवा एकाच दिशेने वाहत सिलिंडर धुऊन काढते. हेड नाही, म्हणून हेडमधून वाया जाणारी उष्णता वाचते. वजन कमी, जागा कमी, ताकद जास्त. कागदावर हा विजयच आहे.

५/ आता याच नाण्याची दुसरी बाजू. पिस्टन दोन्ही टोकांना असल्यामुळे दोन्ही टोकांची शक्ती गोळा करावी लागते. त्यासाठी एक तर दोन क्रँकशाफ्ट बसवून ते दंतचक्रांनी जोडायचे, नाहीतर वरच्या पिस्टनची शक्ती लांब दांड्यांनी खाली आणायची. साध्या इंजिनात हेड काढले की पिस्टन वर ओढून घेता येतो. दोन क्रँकशाफ्टांच्या उभ्या इंजिनात वरचा क्रँकशाफ्ट उचलल्याशिवाय वरच्या पिस्टनांची दुरुस्ती पुढे सरकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा बराचसा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

६/ जर्मनीत ह्यूगो युंकर्स १८९० च्या दशकापासून, डेसाऊ येथे एक्सेलहॉयझर यांच्यासोबत, संमुख-पिस्टनांच्या गॅस इंजिनावर काम करत होते. त्या वाटेने पुढे १९३० च्या दशकात युमो २०५ हे विमानाचे डिझेल इंजिन आले: ६ सिलिंडर, १२ पिस्टन, २ क्रँकशाफ्ट. समुद्रावरून एकाच गतीने तासन्‌तास उडणाऱ्या डॉर्निए डीओ १८ या उडत्या बोटींत ते शोभून दिसले. स्पेनच्या यादवीत युंकर्स जेयू ८६ बॉम्बफेकी विमानांत मात्र, जिथे वेग क्षणोक्षणी कमी-जास्त करावा लागे, ते तक्रारींचे घर ठरले. आराखडा एकच होता, काम बदलले होते.

७/ जहाजांकडे वळू. इंग्लंडच्या सुंदरलंड येथील डॉक्सफर्ड कंपनीचे संमुख-पिस्टन इंजिन १९२१ मध्ये 'इंगारेन' या जहाजात बसले. इथे क्रँकशाफ्ट एकच, तळाशी. खालचा पिस्टन मधल्या क्रँकला जोडलेला. वरचा पिस्टन आडव्या तुळईतून आणि दोन बाजूंच्या लांब दांड्यांतून त्याच क्रँकशाफ्टला शक्ती पोचवतो. स्फोटाचा ताण बहुतांशी या दांड्यांतच सामावतो, इंजिनाच्या सांगाड्यावर येत नाही. या घराण्याची इंजिने साधारण १९८० पर्यंत बनत होती. सुमारे ६० वर्षे टिकलेल्या रचनेला फसलेला प्रयोग म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

८/ डॉक्सफर्ड का टिकले? व्यापारी जहाजाच्या इंजिनखान्यात उंची भरपूर असते, माथ्यावर यारी असते, आणि मुख्य म्हणजे इंजिनासोबत राहणारे अभियंते असतात. ते त्याच्या शेजारी झोपतात, त्याचा आवाज ओळखतात. वरचा पिस्टन माथ्यावरच असल्याने तो यारीने उचलता येतो. जहाज बंदरात माल उतरवत असते तेव्हा दुरुस्तीला दिवस मिळतात. वेग मंद, भार जवळजवळ स्थिर. या परिस्थितीत संमुख-पिस्टन रचनेचे गुण उजळतात आणि तिच्या अडचणी पोटात घेता येतात.

९/ आता अमेरिका. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात फेअरबँक्स-मोर्स कंपनीने नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ३८डी ८-१/८ हे इंजिन सिद्ध केले. नावातला ८-१/८ हा आकडा सिलिंडरचा व्यास आहे, इंचांत. सिलिंडर उभे, एक क्रँकशाफ्ट माथ्यावर, एक तळाशी, दोघांना जोडणारा उभा दंड. दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक अमेरिकी पाणबुड्या याच इंजिनांवर लढल्या. सॅन फ्रान्सिस्कोला जतन केलेल्या 'पांपानिटो' पाणबुडीत ती आजही पाहता येतात.

१०/ पाणबुडीतले काम कसे होते, ते पाहा. इंजिन थेट पंखा फिरवत नाही. ते जनित्र फिरवते, वीज तयार होते, पंखा विजेच्या मोटारी फिरवतात. म्हणजे इंजिनाला सोयीच्या स्थिर गतीने चालता येते. थंडाव्याला अख्खा समुद्र आहे. मुख्य इंजिने ४ असतात; एक उघडून ठेवले तरी तीन चालतात. आणि ते उघडायला नौदलाने खास शिकवलेले यंत्रकामगार चोवीस तास बोटीवरच असतात. असा यजमान मिळाल्यावर हे इंजिन नावाजले जाणारच होते.

११/ युद्ध संपल्यावर कंपनीने हेच इंजिन रेल्वेत आणले. १९५३ मध्ये 'ट्रेन मास्टर' हा लोको आला. एकाच १२ सिलिंडरांच्या इंजिनावर २,४०० अश्वशक्ती. त्या वेळी एक-इंजिनी डिझेल लोकोंमध्ये सर्वांत बलवान. तरीही अमेरिका आणि कॅनडा मिळून ते बनले अवघे १२७. १९६० च्या दशकात कंपनी लोकोच्या धंद्यातून बाहेर पडली. इथेच पहिली दंतकथा जन्मते: श्रेष्ठ इंजिनाला बड्या प्रतिस्पर्ध्याने चिरडले. आणि लगेच दुसरी: इंजिनच टाकाऊ होते.

१२/ शेडमध्ये काय घडत होते, ते कोणी विचारावे? जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाचे ५६७ इंजिन व्ही-आकाराचे होते. एखादा सिलिंडर बिघडला तर हेड, लायनर, पिस्टन आणि त्याची दांडी असा जुडगा उचलून नवा बसवायचा. शेजारच्या सिलिंडरला हात लावायचे कारण नाही. फेअरबँक्स-मोर्समध्ये त्याच दुखण्यासाठी वरचा क्रँकशाफ्ट उचलणे आले. त्यात लोकोचा संसार वेगळा: भार सतत वरखाली, धूळ, धक्के, थंडाव्याला समुद्राऐवजी रेडिएटर, आणि यंत्रासोबत राहणारा कारागीर नाही. ज्या शेडमधले हात शंभर ईएमडी लोकोंवर बसलेले, त्यांच्यापुढे पाच परके लोको आले, तर दोष नेमका कोणाचा?

१३/ आणि ट्रेन मास्टर सगळीकडे पडला असेही नाही. सदर्न पॅसिफिक रेल्वेने हे लोको सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या उपनगरी मार्गावर लावले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालवले. स्थानकामागून स्थानक, प्रत्येक ठिकाणी थांबून पुन्हा झेपावणे. त्यासाठी लागणारी ताकद यांच्याकडे होती. एकाच मार्गावर, एकाच परिसरात हे लोको एकवटले, म्हणजे त्यांची सवय असलेले हातही एकवटले. माझ्या मते या दीर्घायुष्याचा अर्थ तिथेच शोधला पाहिजे.

१४/ आता या वादातला सर्वांत मोठा साक्षीदार: सोव्हिएत संघ. महायुद्धात अमेरिकेने उसनवार दिलेल्या तीन बर्फफोड्या जहाजांत फेअरबँक्स-मोर्सची हीच इंजिने होती. युद्धानंतर त्याच रचनेवर बेतलेले २डी१०० हे १० सिलिंडरांचे, २,००० अश्वशक्तीचे इंजिन खारकिव्हमध्ये बनू लागले. ते टीई३ या लोकोत बसले. १९५३ ते १९७३ या काळात हे लोको हजारोंच्या संख्येने बांधले गेले आणि वाफेच्या लोकोंना निवृत्त करून त्यांनी देशभर मालगाड्या ओढल्या. जी रचना अमेरिकेत लोकोसाठी अयोग्य ठरवली गेली, ती जगातल्या एका अतिविशाल रेल्वेचा कणा बनली.

१५/ म्हणजे सोव्हिएत अभियंते अमेरिकी अभियंत्यांहून हुशार होते का? तसे म्हणणे ही पुन्हा तीच चूक ठरेल. तिथे शेडमागून शेड तोच लोको होता, तेच सुटे भाग होते आणि तेच प्रशिक्षण होते. वरचा क्रँकशाफ्ट उचलणे हे तिथे संकट नव्हते, ते रोजचे काम होते. पुढे इंधन आणि तेलाच्या खर्चाचा हिशेब मोठा होत गेला, तेव्हा कोलोम्नाच्या चार-स्ट्रोक इंजिनांनी तिथेही जागा घेतली. मात्र तोवर या 'अयोग्य' रचनेने एक पिढी पोसली होती.

१६/ आता चलचित्रातला त्रिकोण: नेपियर डेल्टिक. महायुद्धात ब्रिटिशांच्या वेगवान टॉर्पेडो बोटी पेट्रोलवर चालत आणि गोळी लागली की पेटत. जर्मनांच्या ई-बोटी डिझेलवर चालत. म्हणून युद्धानंतर ब्रिटिश नौदलाने हलक्या आणि जोरदार डिझेल इंजिनाचे काम नेपियर कंपनीला दिले. सिलिंडरांच्या तीन रांगा त्रिकोणात मांडल्या की सहा क्रँकशाफ्टांऐवजी तीनच पुरतात, कारण प्रत्येक कोपऱ्यातला क्रँकशाफ्ट दोन रांगांना सामाईक होतो. पण मग हवेकडच्या आणि धुराकडच्या पिस्टनांचा ताल जुळेना. तीनपैकी एक क्रँकशाफ्ट उलटा फिरवा, हा तोडगा नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवार्डन यांनी सुचवला.

१७/ १८ सिलिंडर, ३६ पिस्टन. १९५२ मध्ये ही इंजिने एका ताब्यात घेतलेल्या जर्मन ई-बोटीतच बसवून तपासली गेली, यातला काव्यात्म न्याय सोडून द्या. महत्त्वाचे पुढेच आहे. असे इंजिन जहाजावर उघडून बसणे अशक्यप्राय आहे, हे नौदलाने मान्य केले आणि पद्धतच बदलली: बिघडलेले इंजिन अख्खे उचलायचे, तयार ठेवलेले दुसरे बसवायचे, आजारी इंजिन कारखान्यात पाठवायचे. सुरुंगशोधक हंट वर्गाच्या जहाजांत डेल्टिक एकविसावे शतक उजाडल्यावरही चालू होते. गुंतागुंतीचा वेडेपणा इतकी वर्षे नोकरी करत नाही.

१८/ रेल्वेतही हेच घडले. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ मध्ये निळ्या रंगाचा नमुना लोको काढला. त्यावरून १९६१-६२ मध्ये २२ लोको लंडन-एडिंबरा मार्गावर आले आणि त्यांनी वाफेच्या ५५ लोकोंची जागा घेतली. प्रत्येकात १,६५० अश्वशक्तीची दोन इंजिने, म्हणजे एकूण ३,३००. वजन ९९ टन. त्याच कंपनीच्या त्या काळच्या क्लास ४० लोकोची ताकद २,००० अश्वशक्ती आणि वजन १३३ टन होते. एक इंजिन वाटेत दगावले तरी दुसऱ्यावर गाडी मुक्कामी पोचे. मग शेडमध्ये ते उचलून बदलले जाई. यातल्या लोकोंनी २० लाख मैलांचे टप्पे ओलांडले. २ जानेवारी १९८२ रोजी शेवटची धाव झाली. सहा लोको आजही जतन केलेले आहेत.

१९/ आता तेच घराणे, तेच लंडनचे किंग्ज क्रॉस स्थानक, पण नशीब उलटे. १९५९ मध्ये 'बेबी डेल्टिक' म्हणून ओळखले गेलेले १० छोटे लोको उपनगरी गाड्यांसाठी आले. ९ सिलिंडरांचे एकच इंजिन, १,१०० अश्वशक्ती. इंजिने इतकी बिघडू लागली की काही वर्षांतच लोको कारखान्यात परत पाठवून सुधारून घ्यावे लागले, आणि १९७१ पर्यंत सगळे निकालात निघाले. थोरला भाऊ तासन्‌तास एका दमात धावे. धाकट्याच्या वाट्याला थांबा-निघा आले. थोरल्याकडे आधाराला दुसरे इंजिन होते. धाकट्याचे एकमेव इंजिन बसले की गाडीच बसली. डेल्टिक यशस्वी की अयशस्वी, असे विचारणाऱ्याने आधी कोणता ते सांगावे.

२०/ आपल्याकडचा दुवाही आहे. आवडीच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून बनलेल्या विजयंता रणगाड्यात लेलँड एल-६० हे संमुख-पिस्टन इंजिनच होते: ६ सिलिंडर, १२ पिस्टन. ब्रिटिशांच्या चीफ्टन रणगाड्यातही तेच, आणि तिथे त्याने बरीच बदनामी ओढवून घेतली. आज विजयंता ठिकठिकाणी चौथऱ्यावर उभा आहे. खालच्या फलकांवर तोफेचा व्यास असतो, लढाईचे नाव असते. त्याचे इंजिन कोणत्या हातांनी चालते ठेवले, हे लिहिलेला फलक माझ्या पाहण्यात नाही.

२१/ आक्षेप येईल: म्हणजे आराखड्याला महत्त्वच नाही? आहे. त्याच अमेरिकी नौदलात, त्याच दर्जाच्या यंत्रकामगारांच्या हाती, हूव्हेन-ओवेन्स-रेंट्श्लर कंपनीची दुहेरी क्रियेची इंजिने इतकी छळत होती की युद्ध चालू असतानाच ती पाणबुड्यांतून उपटून दुसरी बसवावी लागली. वाईट रचनेला उत्तम कारागीरही वाचवू शकत नाही. म्हणूनच माझा मुद्दा अधिक पक्का होतो: कारागीर, काम आणि जागा सारखी ठेवली, तरच रचनेची तुलना करता येते. ही अट न पाळता दिलेला प्रत्येक निवाडा हवेतला आहे.

२२/ मग या दंतकथा इतक्या लोकप्रिय का? कारण त्या सोप्या आहेत. एकीत प्रतिभावंत आणि खलनायक मिळतो. दुसरीत मूर्खपणा आणि त्याची शिक्षा. दोन्हींत पात्रे दोनच: शोधक आणि यंत्र. शेडमधला मिस्त्री, बोटीवरचा यंत्रकामगार, सुट्या भागांचे कोठार सांभाळणारा कारकून यांना जागाच नाही. पेटंटे आणि आराखडे जपून ठेवले जातात, चौकटीत लावले जातात. दुरुस्तीच्या नोंदवह्या रद्दीत जातात. साधने जिथे मुबलक, तिथेच इतिहास घडला असे आपण मानू लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान हा सापळा ओळखला पाहिजे.

२३/ तेव्हा पुढच्या वेळी तो त्रिकोण पडद्यावर फिरताना दिसला, तर त्याखाली तीन प्रश्न लिहा. हे कुठे बसवले होते? याच्याकडून काम कोणते घेतले? आणि हे बिघडल्यावर कोण उघडत होते? उत्तरे मिळाली तर वाद घालायला मजा येईल. न मिळाली तर निवाडा राखून ठेवावा. प्रतिवाद असल्यास अवश्य मांडा. मात्र तो आराखड्याच्या कागदाबाहेरचा असावा, एवढीच अट.

(धागा समाप्त)